यशोदेने त्याला पुन्हा मांडीवर घेतलं



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८ चा शेवटचा भाग आणि अध्याय ९.

काल आपण गर्गाचार्यांनी गोठ्यात गुपचूप केलेलं नामकरण वाचलं. आज दोन प्रसंग आहेत, माती खाण्याचा आणि उखळाला बांधण्याचा. दोन्ही आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. पण आज ते एक प्रश्न हातात धरून वाचू या. आपल्या पाठाला येणाऱ्या एका ताईंनी तो मला विचारला. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय. त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात स्वीकार कर. पण स्वीकार म्हणजे नेमकं काय करायचं गं? सकाळी उठून काय करायचं?"

हा प्रश्न माझ्याही घरातला आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, आणि तो साडेतीन वर्षांचा असताना आमच्या हातातही असाच एक रिपोर्ट आला होता. म्हणून हे चिंतन जरा मोठं झालंय. सावकाश वाचा.

पहिला प्रसंग: तोंडातलं ब्रह्मांड

बलराम आणि गोपबाळं येऊन तक्रार करतात की कृष्णानं माती खाल्ली. यशोदा त्याचा हात धरून रागावते. तो म्हणतो, मी नाही खाल्ली, हवं तर तोंडात बघ. ती बघते. आणि त्या एवढ्याशा तोंडात तिला आकाश, दिशा, पर्वत, समुद्र, ग्रह-तारे असं सगळं विश्व दिसतं. त्यात गोकुळ दिसतं, आणि त्या गोकुळात ती स्वतःही दिसते.

आता तिच्या मनात काय येतं ते भागवतकार फार बारकाईनं सांगतात. हे स्वप्न आहे का? देवाची माया आहे का? माझ्याच बुद्धीला काही झालंय का? की माझ्या या मुलातच जन्मापासून असं काही आहे? चार प्रश्न, एकामागोमाग एक. ज्या आईनं आपल्या मुलाच्या नावाचा रिपोर्ट पहिल्यांदा वाचलाय तिला हे चारही प्रश्न ओळखीचे वाटतील. हे खरं आहे का? देवानं असं का केलं? माझंच काही चुकलं का? हा पहिल्यापासूनच असा आहे का?

यशोदेला चारांपैकी एकाचंही पक्कं उत्तर मिळत नाही. जे बुद्धीच्या पलीकडचं आहे त्याला ती नमस्कार करते, शरण जाते. मग भगवंताच्या मायेनं तिच्यावर पुत्रस्नेहाचं पांघरूण पडतं, पाहिलेलं विसरलं जातं, आणि ती कृष्णाला उचलून मांडीवर घेते. आधी जसं प्रेम होतं तसंच.

इथे एक फरक नोंदवून ठेवू. यशोदा विसरली. आपल्याला विसरता येत नाही, आणि विसरूही नये, कारण रिपोर्टमधली माहिती मुलाच्या उपयोगाची असते. पण ती जे करते त्याचा क्रम आपल्याला घेण्यासारखा आहे. आधी सगळं समजलं आणि मग मांडीवर घेतलं, असं झालेलं नाही. समजायचं बाकी होतं, तरी मांडी तयार होती.

आणखी एक गोष्ट. तोंडात बघण्याआधी जो मुलगा होता तोच बघितल्यानंतरही होता. त्याच्यात काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते आईच्या मनातलं चित्र. रिपोर्टच्या दिवशीही असंच होतं. सोमवारी ज्याला वरण-भात आवडत होता त्यालाच मंगळवारीही आवडतो.

ऑटिझम असलेले लेखक जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांसाठी एक छोटा लेख लिहिला होता. त्याचा आशय असा की पालकांचं दुःख खोटं नाही, पण ते दुःख त्यांनी कल्पिलेल्या, कधी जन्मालाच न आलेल्या मुलाचं आहे. समोर असलेलं मूल त्यांची वाट बघतंय. आई रडली तर रडू द्यावं. फक्त समोरच्या मुलाला त्याच्याच श्राद्धाला बसवल्यासारखं वाटू नये, एवढं जपायचं.

"मागच्या जन्मी काय केलं असेल?"

आता जरा कडू बोलते. आपल्या सत्संगांत, भजनी मंडळांत हा प्रश्न सर्रास विचारला जातो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मलाही विचारला गेलाय, हळदीकुंकवाच्या ताटासमोर, अगदी प्रेमानं. कुणी व्रत सुचवतं, कुणी कुळाचार राहिला असेल म्हणतं, कुणी सासूच्या तोंडून आईलाच ऐकवतं.

विज्ञानाच्या नावाखालीही हेच झालं होतं, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत असा समज पसरला की आई थंड, मायाहीन असली की मूल असं होतं. अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणत. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात याच विचाराचा जोरदार पुरस्कार केला आणि तो घराघरांत पोचला. खरं तर त्याच्या तीनच वर्षं आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं त्याविरुद्ध सविस्तर मांडणी केली होती. रिमलँड स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. आज याबद्दल शंका राहिलेली नाही. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि आईच्या मायेच्या कमी-जास्तीनं तो होत नाही. नोकरी केल्यानं, पाळणाघरात ठेवल्यानं, लस दिल्यानंही होत नाही.

कर्मसिद्धांत आपण मानतो. पण गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनीच सांगितलंय की कर्माची गती समजायला अवघड आहे. जी गती समजायला अवघड असं देव म्हणतो, तिचा निकाल आपण हळदीकुंकवात दोन मिनिटांत कसा लावतो?

यात भक्तीचं नुकसान तर आहेच, पण मुलाचंही आहे. रॉबर्ट मार्विन आणि रॉबर्ट पियान्टा या अमेरिकन संशोधकांनी १९९० च्या दशकात एक मुलाखतपद्धत तयार केली. मुलाला मोठं निदान झालेल्या पालकांना त्यात साधे प्रश्न विचारतात. पहिल्यांदा केव्हा जाणवलं? तेव्हा काय वाटलं? आता काय वाटतं? हे का झालं असं तुम्हाला वाटतं? उत्तरांवरून बघायचं असतं की पालकांचं मन त्या धक्क्यातून पुढे सरकलंय की तिथेच अडकलंय. सरकलंय याची एक खूण कोणती मानतात, माहितेय? 'माझ्याच बाबतीत का' याचा शोध थांबणं. दुःख संपणं ही अट नाही. शोध थांबला की तीच शक्ती समोरच्या मुलाकडे वळते.

म्हणजे आई महत्प्रयासानं जो शोध थांबवत असते तो आपण एका प्रश्नानं पुन्हा सुरू करून देतो. म्हणून हात जोडून सांगते, हा प्रश्न कुणालाही विचारू नका.

आणि याचं दुसरं टोकही टाळा. "हा तर देवाचं खास लेकरू, अवतारी जीव आहे" असं म्हणून पाया पडायलाही धावू नका. यशोदेनं तर प्रत्यक्ष ब्रह्मांड पाहिलं होतं. तरी तिनं त्याला देव्हाऱ्यात नाही बसवलं, मांडीवर घेतलं. पापाचं फळ म्हटलं काय किंवा दिव्य आत्मा म्हटलं काय, दोन्हीत ते मूल बाजूला राहतं. त्याला भूक लागलीय, त्याच्या शर्टाचं लेबल मानेला टोचतंय, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

दुसरा प्रसंग: फेकून दिलेली काठी

अध्याय ९. दासी दुसऱ्या कामात आहेत, म्हणून यशोदा स्वतः ताक घुसळतेय. कृष्ण येतो, रवी धरून तिला थांबवतो. ती त्याला पाजायला घेते. तेवढ्यात चुलीवरचं दूध ऊतू जायला लागतं, ती त्याला खाली ठेवून धावते. तो चिडतो, दगडानं मडकं फोडतो, आत जाऊन लोणी खातो. ती परत येऊन बघते, तर हा पालथ्या उखळावर उभा राहून माकडाला लोणी भरवतोय. ती काठी घेऊन मागून जाते. तो पळतो. ती धावते, दमते, शेवटी पकडते.

आणि मग ती त्याच्याकडे बघते. तो रडतोय, डोळे चोळून काजळ गालभर पसरलंय, नजरेत भीती आहे. मुलगा घाबरलाय हे तिला कळतं आणि ती काठी टाकून देते.

बाकी सगळा प्रसंग बाजूला ठेवला तरी चालेल, पण ही एक जागा सोडू नका. नुकसान झालंय, तिचा राग रास्त आहे, हातात काठी आहे. तरी ती कृतीकडून नजर काढून त्याच्या डोळ्यांकडे नेते. आत काय चाललंय ते वाचते आणि त्याप्रमाणे स्वतःला बदलते.

इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठातल्या डेव्हिड ओपनहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. ऑटिझम असलेले ४५ लहान मुलगे आणि त्यांच्या आया यात होत्या. त्यांनी आयांच्या दोन गोष्टी पाहिल्या. एक, निदानाच्या धक्क्यातून मन पुढे सरकलंय का. दोन, आई मुलाच्या वागण्यामागचं कारण त्याच्या बाजूनं बघू शकते का. ज्या आयांमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या त्यांच्या मुलांचं आईशी नातं सुरक्षित असण्याची शक्यता सगळ्यात जास्त दिसली. सुरक्षित म्हणजे, घाबरलो तर हिच्याकडे जायचं, मग बरं वाटतं, हा भरवसा मुलाच्या मनात असणं.

या अभ्यासाचा अर्थ "नातं बिघडलं तर दोष आईचा" असा काढू नका. मग आपण पुन्हा रेफ्रिजरेटरपाशीच येऊ. अर्थ एवढाच की स्वीकार ही नुसती मनाची शांती नाही, ती बघण्याची पद्धत आहे. आणि बघण्याची पद्धत शिकता येते.

बाजारात मूल जमिनीवर लोळण घेऊन किंचाळतं तेव्हा लोकांना हट्ट दिसतो. पण अनेकदा तिथे ट्यूबलाइटची फडफड, भोंगे, मसाल्यांचे वास आणि गर्दीचे धक्के हे सगळं एकदम अंगावर आलेलं असतं. आरतीत ते कानावर हात ठेवून पळतं ते देवाला नको म्हणत नसतं, त्या झांजा त्याच्या कानांना खरोखर दुखवत असतात. काठी हातात असताना डोळ्यांकडे बघणं म्हणजे हे ओळखणं.

"त्याला आईची ओढच नाही"

हे वाक्य आयांना फार लागतं. आपला मराठी शब्दही इथे थोडा फसवतो. 'स्वमग्न' म्हटलं की वाटतं हे मूल स्वतःतच बुडालेलं आहे, त्याला कुणाची पडलेली नाही.

मुलाची आईशी असलेली ओढ मोजण्याची एक जुनी पद्धत मेरी एन्सवर्थ यांनी तयार केली. एका अनोळखी खोलीत आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते, परत येते, आणि ती परत आल्यावर मूल काय करतं ते बघतात. १९८० च्या दशकापासून ऑटिझम असलेल्या मुलांसोबतही असे अभ्यास झाले. आई परतल्यावर हीही मुलं अनोळखी व्यक्तीपेक्षा आईच्याच जवळ जास्त जातात, असं दिसलं. २००४ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात साधारण निम्म्या मुलांचं आईशी नातं सुरक्षित आढळलं. सर्वसाधारण मुलांपेक्षा हे प्रमाण थोडं कमी आहे, पण ओढच नाही, हे साफ चूक आहे.

ओढ असते, फक्त तिची भाषा वेगळी असते. माझा मुलगा मी ऑफिसातून आले की दाराशी धावत येत नाही, माझ्याकडे बघतही नाही. पण माझी चप्पल रॅकच्या दुसऱ्या कप्प्यात, डाव्या बाजूला ठेवलेली दिसल्याशिवाय तो रात्रीचा घास तोंडात घालत नाही. मला उशीर झाला तर ताट समोर ठेवून त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत बसतो. एक शेजारीण म्हणाल्या, याला वस्तू जागेवर लागतात बाकी काही नाही. असेलही. पण त्या कप्प्यात बाबांची चप्पल ठेवून बघितलीय, त्यानं काढून टाकली.

अशी एखादी खूण प्रत्येक घरात असते. कुणी आईच्या ओढणीचं टोक दोन बोटांत घोळवत झोपतं, कुणी पाठ लावून बसतं, कुणी हात धरून थेट फ्रिजपाशी नेतं. ती 'आई' अशी हाक नसेल. पण ती तुमच्यासाठीच आहे.

दोन बोटं कमी पडणारं दावं

काठी टाकल्यावर यशोदा त्याला उखळाला बांधायला घेते. दावं दोन बोटं कमी पडतं. दुसरं जोडते, पुन्हा दोन बोटं कमी. घरातली सगळी दावी संपतात, गोपी हसतात, ती घामाघूम होते, केसांतली फुलं गळतात. शेवटी आईचे श्रम बघून त्यालाच दया येते आणि तो बांधून घेतो. म्हणून तो दामोदर. परंपरेत या दोन बोटांचा अर्थ सांगतात तो असा: एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचं, एक देवाच्या कृपेचं.

थेरपीची वर्षं अशीच असतात. स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी, शाळेची शोधाशोध, चित्रांची कार्डं. प्रत्येक वेळी वाटतं आता जमलं, आणि दोन बोटं कमी पडतात. म्हणून दावं जोडणं सोडायचं का? स्वीकार म्हणजे हातपाय गाळणं, असं समजून थेरपी बंद करणारी घरंही आहेत आणि "पूर्ण बरा होईपर्यंत मी स्वीकारणार नाही" असं म्हणत पोराला सकाळ-संध्याकाळ पळवणारी घरंही आहेत. यशोदा या दोन्हींत बसत नाही. ती प्रयत्न सोडत नाही, पण ज्याला बांधायचंय त्याला ती पूर्णपणे ओळखते असा तिचा दावाही नाही. आणि शेवटी गाठ बसते ती त्याच्या बाजूनं. मूल त्याच्या वेळेला, त्याच्या पद्धतीनं आपल्याकडे येतं. आपण त्याला पोचता येईल असं जवळ असावं लागतं.

हे सगळं एकट्या आईवर टाकू नका, हेही सांगायला हवं. गोकुळात यशोदेला दासी होत्या, गोपी होत्या, नंद होते. आपल्या वन बीएचकेत बहुतेक वेळा ती एकटी असते. "आईनं स्वीकारलं की झालं" हे वाक्य बाबांना, आजी-आजोबांना आणि सोसायटीला मोकळं सोडतं. सरकारी कागदांचीही मदत घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र काढता येतं, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. प्रमाणपत्र काढल्यानं मुलावर शिक्का बसत नाही, त्याचा हक्क नोंदवला जातो.

ताईंना मी एवढंच सांगितलं: सकाळी उठून तोच मुलगा मांडीवर घे. त्याला मांडी नको असेल तर शेजारी बस.

आजचा अभ्यास

१. अध्याय ९ पुन्हा वाचा, आणि यशोदा काठी टाकते तिथे थांबा. आज कुणाच्या वागण्यावर राग आला तर एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा. आत राग आहे, भीती आहे, की थकवा?

२. ओळखीत असं कुटुंब असेल तर सल्ला, व्रत, व्हिडिओ काही पाठवू नका. "शनिवारी दोन तास मी त्याच्याजवळ बसू का?" एवढंच विचारा. जाण्याआधी त्याला काय आवडतं आणि कशाचा त्रास होतो, हे आईकडून समजून घ्या.

३. तुमच्या सत्संगात एक जागा अशी ठेवा जिथे माइकचा आवाज पोचणार नाही. मूल उठून फिरलं, हात हलवत गोल गोल फिरलं, तर कुणी मागे वळून बघू नका. कीर्तनात आपणही नाचतोच ना.

प्रार्थना

दामोदरा, जे आम्हाला कळत नाही त्याला नमस्कार करायला शिकव. आमच्या हातातली काठी आधी काढून घे. जी आई आज रात्री जागी आहे तिच्या दाव्याला तुझी दोन बोटं जोड. आणि तिच्या लेकराला समजून घेणारी चार माणसं आमच्यातून उभी कर.

उद्या अध्याय १०: उखळ ओढत निघालेला कृष्ण आणि यमलार्जुनांची मुक्तता.

राम कृष्ण हरी.